वायुसुगंधके, गृहोपयोगी (मुंबई उपनगरे)

घरातील दुर्गंध झाकण्यासाठी वा कमी करण्यासाठी हवेत सोडली जाणारी किंवा गालिचावर पसरली जाणारी द्रव्ये. वडी, फवारा, जेल व चूर्ण ही त्यांची प्रमुख रूपे होत.

घर सुगंधित करण्याची कला भारतात प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (बारावे शतक) धूपभोगाचे वर्णन आढळते. मराठी घरांत धूप, ऊद व कापूर यांचे स्थान मुख्यतः देवघरात असे. बाळबाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी देत. चाळीतील शौचकूप सामाईक व खोल्यांपासून दूर असत. उपनगरांतील सदनिकांत ते घरातच आले आणि सुगंधद्रव्याला देवघराबाहेर नवे स्थान मिळाले.

या द्रव्यांच्या उद्योगाशी पूर्व उपनगरांचा निकटचा संबंध आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनी या सुगंधद्रव्ये बनविणाऱ्या संस्थेचे मुलुंड हे प्रमुख केंद्र आहे. केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या मुलुंड येथील वि. ग. वझे महाविद्यालयात (स्थापना १९८४) सुगंधद्रव्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. घरोघरी परिचित झालेली ‘ओडोनिल’ वडी मूळची मुंबईच्या बलसारा कंपनीची. २००५ मध्ये ती डाबरकडे गेली. विक्रोळीच्या गोदरेज समूहाने २०१२ मध्ये ‘एअर’ ही सुगंधके बाजारात आणली.

वडीतील पॅराडायक्लोरोबेंझीन हे द्रवरूप न होता सावकाश बाष्परूप होते (संप्लवन). त्याच्या तीव्र वासाने दुर्गंध जाणवेनासा होतो. मात्र दुर्गंधाचे मूळ तसेच राहते. मानवात कर्करोग उत्पन्न करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत त्याची गणना होत असल्याने बंदिस्त खोलीत त्याचा वापर जपून करावा लागतो. फवाऱ्यांत पूर्वी क्लोरोफ्ल्युओरोकार्बने वापरीत; १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर ती टप्प्याटप्प्याने वगळण्यात आली. गालिचावरील चूर्णात बहुधा खाण्याचा सोडा असतो. तो आम्लधर्मी दुर्गंधी द्रव्यांचे उदासिनीकरण करतो. चूर्ण काही वेळाने झाडून वा यंत्राने ओढून काढतात. पावसाळी दमट हवेत गालिचाला येणारा कुबट वास मात्र बुरशीचा असतो व ऊन आणि वारा मिळाल्याखेरीज तो टिकाऊपणे जात नाही.

दुर्गंध ही एक सूचनाही असते. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ध्यानात यावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ती सूचना झाकणे घातक ठरते. खुद्द मुलुंडमध्ये सुगंधद्रव्यांच्या उद्योगाबरोबरच १९६७ पासून शहराची कचराभूमीही होती. तेथे घरात सुगंधक ठेवणे हा खोलीपुरता व तासापुरता उपाय होता. नवा कचरा टाकणे थांबले ते २०१८ मध्ये कचराभूमी बंद करण्यात आल्यावरच. वायुवीजन, निचरा व स्वच्छता यांना पूरक म्हणूनच सुगंधकांचे स्थान आहे. त्यांची जागा ती घेऊ शकत नाहीत.