मोडलेल्या वाड्यांचीं नवीं घरें

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें गांव लागतें. तेथील नृसिंहाचें जुनें दगडी देवालय पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. पुजारी बदलतात, यात्रेकरू येतात आणि जातात. देवालयाचा दगड मात्र आपली जागा सोडीत नाहीं. मराठवाड्यांतील देशमुख-देशपांड्यांच्या कित्येक वाड्यांना हें भाग्य लाभलें नाहीं. ते वाडे उतरविले जातात आणि त्यांचे कोरीव खांब दूरच्या धनिकांच्या बागबंगल्यांत जाऊन उभे राहतात. पुढें तो बंगला विक्रीस निघाला, कीं ‘ऐतिहासिक लांकूडकामाचा’ म्हणून त्याचें मोल वाढतें. तो इतिहास कोणत्या गांवचा, हें मात्र विकणारा सांगत नाहीं आणि घेणारा विचारीत नाहीं.

मराठवाडी वाड्याची रचना ठरलेली असे. ढेलजेंतून आंत गेलें कीं चौक, चौकाभोंवतीं ओसऱ्या, मागें धान्याचीं बळदें, वर कडीपाट आणि त्यावर मातीचें माळवद. भिंती कितीही जाड असल्या, तरी पुष्कळ वाड्यांत माळवदाचा भार पेलतो तो लांकडी सांगाडाच. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर घोडे आणि घोड्यांवर तुळई, अशी ती मांडणी. दोन खांबांमधलें अंतर म्हणजे एक खण. घराची थोरवी खणांवर मोजीत. येथील सांधे खिळ्यांपेक्षां कुसांवर अधिक विसंबलेले. त्यामुळें जाणता सुतार सगळा सांगाडा न मोडतां सुटा करूं शकतो. ज्या कसबामुळें वाडा शेंदीडशें वर्षें टिकला, त्याच कसबामुळें तो तुकड्यातुकड्यांनीं विकतां येऊं लागला.

विकणाऱ्या मालकाला दोष देऊन भागणार नाहीं. १९४८ सालीं निजामी राजवट संपली व १९४९ सालीं हैदराबाद संस्थानांतील जहागिऱ्या रद्द झाल्या. उत्पन्न गेलें, वाटण्या झाल्या, मुलें नोकरीसाठीं शहरांत गेलीं. दरसाल माळवदावर नवी माती चढविणें एकट्या म्हाताऱ्या मालकाला झेपेना. पुढें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या घरांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं, आणि जुन्या भिंतीच्या आसऱ्यास निजण्याची भीति लोकांच्या मनांत बसली. अशा वेळीं लांकूड घेणारा दारीं आला, तर त्याला नाहीं म्हणणें सोपें नव्हे.

शिवाय जुनें साहित्य नव्या इमारतींत घालणें ही कांहीं आजची रीति नाहीं. दौलताबादच्या किल्ल्यांत कुत्बुद्दीन मुबारक खिलजीच्या अमदानींत, १३१८ सालीं उभारलेल्या मशिदींत त्याहून जुन्या देवळांचे खांब आहेत. १९४८ नंतर त्याच वास्तूंत भारतमातेचें मंदिर झालें. खांब त्याच मुलखांत राहिले, म्हणून अभ्यासकाला त्यांची हकीकत अजून लावतां येते.

दूर नेलेल्या वास्तूचीही ओळख राखतां येते. इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांत ॲजक्रॉफ्ट हॉल नांवाचा एक जुना वाडा होता. १९२५ सालीं तो लिलावांत निघाला. एका अमेरिकन धनिकानें तो विकत घेतला, सुटा करून जहाजानें अटलांटिकपार नेला आणि व्हर्जिनियांतील रिचमंड येथें पुन्हां उभारून त्यांत बिऱ्हाड केलें. परंतु नांव जुनेंच ठेविलें. तेथें जाणाऱ्याला वाड्याचें मूळ गांव आजही सांगितलें जातें. पुण्यांत दिनकर केळकर यांनीं कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष मिळवून आपल्या संग्रहालयांत तो महाल पुन्हां रचला. हा सगळा संग्रह त्यांनीं १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. महालाची जागा बदलली, पण नांवगांव सुटलें नाहीं.

कायद्यालाही ही गोष्ट अपरिचित नाहीं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानें इमारतीपासून सुटी केलेली, निदान शंभर वर्षांची वस्तु पुरावशेषांत गणिली आहे, आणि खासगी व्यक्तीला ती परदेशीं धाडण्याची मनाई केली आहे. परंतु देशांतल्या देशांत खांब एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, तेव्हां त्याच्याबरोबर त्याची हकीकतही गेली पाहिजे, हें पाहणारें कोणी नसतें.

तें काम मालकानें आणि घेणारानें मिळून करावयाचें आहे. वाडा उतरविण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, खणांचा नकाशा काढावा, प्रत्येक खांबावर व तुळईवर अंक घालावा, गांव, घराणें आणि ठाऊक असल्यास बांधणीचें साल लिहून तो कागद खरेदीखतास जोडावा, आणि त्याची एक प्रत गांवच्या शाळेंत ठेवावी. मूळ जागीं उरलेले तळखडे पाहून एखाद्या मुलानें विचारलें, तर त्याला उत्तर मिळालें पाहिजे. काम एका वहीचें आणि चार दिवसांचें आहे. सुताराचा हात पहिल्या कुसाला लागण्याआधीं तें उरकावें.