सालोतरीची पोथी आणि अम्मीची मांजर

आमच्या घराण्याचा धंदा नालबंदीचा. माझे आजोबा, ज्यांना आम्ही 'बडे अब्बा' म्हणायचो, बाजाराच्या दिवशी गावाबाहेरच्या चिंचेखाली बसत. टांग्याचे घोडे उभे करून आणि शेतकऱ्यांचे बैल दोरीने आडवे पाडून ते त्यांना नाल नि पत्र्या मारत. पण लोक त्यांच्याकडे फक्त खुरांसाठी येत नसत. कुणाचा बैल रवंथ करत नसे, कुणाचा घोडा पोट दुखून लोळत असे, कुणाची शेळी दूध देईनाशी झालेली असे. आजोबा लगेच झोळीत हात घालत नसत. आधी जनावराचा कान हातात धरून तो गरम आहे की गार ते बघत. ओठ वर करून हिरड्या पाहत. शेण किंवा लीद काठीने उकलून बघत. मग मालकाला विचारत, "काल काय खाल्लं? पाणी कुठलं पाजलं? काम किती करून घेतलं?" त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "पहले देखो, फिर दवा." वैरण बदला, चार दिवस कामाला जुंपू नका, गोठा कोरडा ठेवा, एवढंच सांगून ते निम्म्या लोकांना औषध न देताच परत पाठवत. लोकांना वाटे, म्हातारा औषध देण्यात चिक्कू आहे.

लोक त्यांना 'सालोतरी' म्हणत. हा शब्द कुठून आला, याचा मला पुढे बराच काळ पत्ता नव्हता. कॉलेजात बी.ए.ला असताना ग्रंथालयात एक जुना कोश चाळत होतो, तेव्हा उलगडा झाला. सालोतरी म्हणजे शालिहोत्र! घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून परंपरा ज्या ऋषीचं नाव घेते, तो शालिहोत्र. त्याचं नाव संस्कृतातून फारसीत गेलं, फारसीतून उर्दूत आणि दख्खनीत आलं, फौजेच्या तबेल्यांत रुळलं आणि शेवटी आमच्या गावच्या चिंचेखाली एका नालबंदाला येऊन चिकटलं. त्या दिवशी मला आजोबांचा फार अभिमान वाटला. त्यांना स्वतःला मात्र ऋषीचा पत्ता नव्हता, आणि त्यामुळे त्यांचं काही अडलंही नव्हतं.

आज घरोघरी कुत्री-मांजरं आहेत आणि त्यांच्यासाठी 'नैसर्गिक उपचार', 'समग्र उपचार' हे शब्द सारखे कानावर पडतात. जणू ही कल्पना कालपरवाच जन्माला आली! म्हणून थोडं मागे जाऊन पाहावंसं वाटतं.

आपल्या देशात जनावरांच्या औषधोपचाराचा सर्वात जुना सरकारी पुरावा दगडावर कोरलेला आहे. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख, जो गिरनारच्या पायथ्याच्या खडकावर आजही पाहायला मिळतो, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकातला. आपण दोन प्रकारची चिकित्सा सुरू केली, माणसांची आणि पशूंची, असं राजा त्यात सांगतो. पुढे तो म्हणतो की, माणसांना व पशूंना उपयोगी औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्या. वाटेवर विहिरी खोदल्या, झाडं लावली, तीही माणसं आणि पशू दोघांसाठी. बारकाईने पाहा, या यादीत औषधाबरोबर पाणी आहे आणि सावलीही आहे. समग्र उपचार म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

हत्तींसाठी पालकाप्य मुनीचा 'हस्त्यायुर्वेद' आहे. अंग देशाचा राजा रोमपाद याला मुनीने हे शास्त्र सांगितलं, अशी त्याची मांडणी. हा प्रचंड ग्रंथ छापला गेला तो आपल्या पुण्यात, आनंदाश्रम संस्थेतर्फे, १८९४ साली. मोठे रोग, किरकोळ रोग, शस्त्रक्रिया आणि उरलेली देखभाल असे त्याचे चार भाग. या शेवटच्या भागात हत्तीचं खाणं, त्याची दिनचर्या, ऋतूप्रमाणे घ्यायची काळजी हे सगळं येतं. रोग झाल्यावर काय करावं याइतकंच रोग होऊ नये म्हणून काय करावं, याला तिथे महत्त्व आहे.

हत्ती-घोडे राजाचे, पण मग कुत्र्याचं काय? त्याचंही सापडतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या जुन्या मराठी गीताच्या ओळींमुळे. माझ्यासारखा कवीही त्या ओळींपायीच तिथे गेला. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींच्या यादीत पारव्यांचं प्रकरण आहे, ससाण्यांचं आहे आणि 'सारमेयविनोद' म्हणजे कुत्र्यांचंही आहे. आपली भाषा ज्या पोथीत लहान मुलासारखी बोलू लागली, त्याच पोथीत कुत्राही बसलेला आहे, ही गोष्ट मला फार आवडते.

चुकीचं खाणं हेच पाळीव प्राण्याचं पहिलं दुखणं, याचाही दाखला इतिहासात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेत तमिळ किनाऱ्यावर आला. अरबस्तानातून जहाजांनी आणलेले उमदे घोडे तिथे भराभर मरत. त्यांना शिजवलेल्या भाताबरोबर मांस खाऊ घालतात आणि त्यांची निगा जाणणारी माणसं तिथे नाहीत, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. राजे दरवर्षी खजिना रिता करून नवे घोडे घेत. घोडा गवत खाणारा प्राणी आहे, एवढं लक्षात घेतलं असतं तर कितीतरी सोनं वाचलं असतं आणि कितीतरी घोडेही.

ज्ञान मात्र धर्माची नि भाषेची वेस मानत नाही. मोगल बादशहा शाहजहानच्या दरबारात अब्दुल्ला खान फिरोजजंग नावाचा अमीर होता. त्याच्या नावावर शालिहोत्राचा फारसी अनुवाद आहे. त्या फारसीवरून जोसेफ अर्ल्स या इंग्रजाने इंग्रजी भाषांतर केलं आणि ते १७८८ साली कलकत्त्यात छापलं. संस्कृत पंडित, मुसलमान सरदार आणि इंग्रज गृहस्थ, तिघेही एकाच आजारी घोड्याभोवती उभे! घोड्याला त्यांच्या जातीधर्माशी काय देणंघेणं?

याच सुमारास युरोपात नवी वाट निघाली होती. गुरांच्या साथींनी तिथे हाहाकार माजवला होता. १७६१ साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात क्लोद बुर्जला याने पशुवैद्यकाची शाळा काढली. जगातली ही पहिली आधुनिक पशुवैद्यक शाळा. ती लाट आपल्याकडे पोचायला सव्वाशे वर्षं लागली. पण मुंबईने त्याआधीच जनावरांसाठी रस्त्यावर उतरून दाखवलं होतं. जून १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा पारशी समाज चिडून उठला. दुकानं बंद झाली, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाने जनावरांचं इस्पितळ निघालं. १८८६ साली परळलाच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. पोथीतली चिकित्सा आता वर्गात आणि प्रयोगशाळेत गेली.

या नव्या विद्येने जे दिलं, ते पोथीतली कुठलीच मुळी देऊ शकली नव्हती. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचायला सुरुवात केली आणि तो मुलगा जगला. आमच्या लहानपणी कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरत, चुना लावत, कुणी मंत्र घालायला नेत. आणि दवाखान्यात गेलंच, तर पोटात चौदा इंजेक्शनं. मेंढ्यांच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आता इतिहासजमा झाली आहे. तिखट मात्र काही घरांत अजून शिल्लक आहे. म्हणून स्पष्ट सांगतो, रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही. त्यावर पाला नाही, मुळी नाही, ताईत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. घरच्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी वेळेवर लस द्यायची. बुळकांड्या हा गुरांचा काळरोगही लसीनेच हटला. २०११ साली तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं.

पण नवी विद्या म्हणजे सगळं निर्धोक, असंही नाही. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं साधं औषध. ते टोचलेली गुरं मेली की गिधाडं ती खात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन स्वतः मरत. या एका कारणाने उपखंडातली कोट्यवधी गिधाडं नाहीशी झाली. २००४ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधलं आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. औषध गाईला मानवलं, गिधाडाला नाही. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

हे वाक्य मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. त्याची किंमत मी मोजलेली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अम्मीकडे एक पांढरी मांजर होती, चांदनी नावाची. अब्बा गेल्यावर अम्मीच्या उशाशी झोपणारा तोच एक जीव होता. पावसाळ्यात चांदनीला खाज सुटली, पाठीवरचे केस जायला लागले. डॉक्टरकडे नेऊ, असं अम्मी म्हणाली. मी म्हणालो, "उगीच कशाला इंजेक्शनं? घरचंच काहीतरी लावू." नालबंदाचा नातू ना मी! खोबरेल तेलात कापूर कालवला आणि तिच्या पाठीला चोळला. आमच्या लहानपणी खरजेला हेच लावत. मला वाटलं, किती निर्मळ औषध!

मांजर अंग चाटते, हे जगातल्या कुठल्याही पोराला माहीत आहे. मला त्या क्षणी माहीत नव्हतं. संध्याकाळी तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. मग अंग थरथरायला लागलं, मग झटके. टोपलीत घालून डॉक्टरकडे पळालो. त्यांनी विचारलं, "अंगाला काय लावलंत?" मी म्हणालो, "औषध काही नाही हो, घरगुतीच." डॉक्टरांनी वर पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पहाटे चांदनी गेली.

नंतर त्यांनीच मला समजावून सांगितलं. मांजराचं यकृत आपल्यासारखं चालत नाही. कापूर, निलगिरीचं तेल अशी उग्र द्रव्यं तिच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाहीत. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. कुत्र्याला कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका चालत नाहीत. मांजर तर जन्माचं मांसाहारी. नुसत्या दूधभातावर ठेवलं तर टॉरिन हे द्रव्य कमी पडून तिचं हृदय नि डोळे बिघडतात. आणि मोठ्या मांजराला बऱ्याचदा दूधच पचत नाही. 'मांजर आणि दूध' ही जोडी आपण म्हणींमध्ये ठेवलेली बरी.

म्हणजे घरगुती उपाय टाकून द्यायचे का? मुळीच नाही. गाईच्या कासेच्या सुजेवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप आज राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवतं. पण तो लेप गाईसाठी, ठरलेल्या प्रमाणात, पारखून घेतलेला आहे. 'नैसर्गिक' या शब्दाचा अर्थ 'निरुपद्रवी' असा होत नाही. धोतराही नैसर्गिकच आहे.

चांदनी गेल्यावर अम्मी माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "बडे अब्बा असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, ही अंग चाटते ना?"

तेव्हा मला शालिहोत्राची पोथी उमगली. पोथीचं सार तिच्यातल्या जडीबुटीत नव्हतं. ते त्या कानावर ठेवलेल्या हातात होतं, काठीने उकललेल्या लिदीत होतं, "काल काय खाल्लं?" या प्रश्नात होतं. आजोबांचा वारसा म्हणून मी तेलाची वाटी उचलली. जे उचलायला हवं होतं, ते तसंच चिंचेखाली राहून गेलं.

तुमच्या घरी मुकं जनावर असेल, तर त्याचं पाणी रोज बदला. त्याच्या जातीला मानवेल तेच खाऊ घाला. त्याला पळू द्या, उन्हात बसू द्या, आणि एरवी उड्या मारणारं जनावर गप्प बसलं तर त्याच्याकडे बघा. डॉक्टरांपासून काही लपवू नका, 'घरगुतीच' आहे म्हणून तर मुळीच नाही. अम्मीने पुन्हा मांजर पाळली नाही. चांदनीची ती चिनीमातीची बशी मात्र तिने अजून फेकलेली नाही. दारात कुणाचं मांजर आलं की त्यात पाणी भरून ठेवते.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)