प्रश्नावलीतील चौथे उत्तर

निर्णयवृक्ष म्हणजे उत्तरागणिक फाटे फुटत जाणारी प्रश्नमालिका. ती यंत्राच्या स्वाधीन करताना प्रश्न कसा विचारावा, हा विचार किती जुना आहे, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातील एका प्रयोगावरून दिसते. डॉ. वॉर्नर स्लॅक व त्यांचे सहकारी यांनी त्याचा वृत्तान्त १९६६ साली प्रसिद्ध केला. रुग्ण 'लिंक' या लहान संगणकापुढे बसे, पडद्यावरील प्रश्न वाची व कळ दाबून उत्तर देई. त्यावरून पुढील प्रश्न ठरे.

'होय' व 'नाही' यांखेरीज तेथे आणखी दोन उत्तरांची सोय होती: 'ठाऊक नाही' आणि 'प्रश्न समजला नाही'. तिसरे उत्तर रुग्णाच्या माहितीची मर्यादा सांगते, तर चौथे प्रश्नकर्त्याच्या भाषेतील उणीव. ही सोय नसती, तर गोंधळलेला रुग्ण 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. त्यासरशी एक संपूर्ण शाखा बंद पडून वैद्यापुढे चुकीचा इतिहास गेला असता.

१९७०च्या दशकात स्टॅनफर्ड येथे एडवर्ड शॉर्टलिफ यांनी रचलेल्या 'मायसिन' या नियमाधिष्ठित प्रणालीने याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. 'हा प्रश्न कशासाठी?' असे वैद्यास उलट विचारता येई, आणि यंत्र संबंधित नियम दाखवी.

सारांश, अज्ञान कबूल करण्यास जेथे वाव नाही, तेथे यंत्राचे गणित बिनचूक असूनही निर्णय अविश्वसनीयच राहतो.