पागडीची रसीद

मुंबईत घर कोणाचे, हे भिंती सांगत नाहीत, कागद सांगतो. डोंगरी, नळबाजार, भेंडीबाजार, मदनपुरा, नागपाडा या आमच्या जुन्या मोहल्ल्यांत हा कागद म्हणजे भाड्याची पावती. आम्ही तिला रसीद म्हणतो. रसीद लोखंडी पेटीत, दागिन्यांच्या पुरचुंडीखाली ठेवलेली असते. दर जून महिन्यात शाळेत दाखल्याच्या वेळी पालक पत्त्याचा पुरावा म्हणून तिची झेरॉक्स आणतात आणि रजिस्टर लिहिताना आमच्या ध्यानात येते की नाव मुलाच्या दादाचे किंवा पणजोबाचे आहे. बाईचे नाव क्वचित दिसते. दिसले तर ती बहुधा विधवा असते. मुलीचे, बहिणीचे नाव असलेली रसीद आम्ही आजवर पाहिलेली नाही.

हे असे का झाले, याचा शोध घेताना दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागले.

१८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात एक खटला चालला. खोजा आणि मेमन जमातीतील मुलींनी बापाच्या मिळकतीत कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला होता. समोरचा पक्ष म्हणाला, आमच्यात पूर्वापार चाल अशी की मुलीला पोटगी आणि लग्नाचा खर्च मिळतो, मिळकत मिळत नाही. सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी चालीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे कुरआनात हिस्सा लिहिलेला असूनही मुंबईच्या कोर्टात मुली हरल्या, आणि समोरचा पक्षही मुसलमानच होता. आम्ही कोकणी, खोजाही नव्हे आणि मेमनही नव्हे. तरीही हा निकाल वाचताना परक्याच्या घरातली गोष्ट वाचतो आहोत असे वाटले नाही.

पुढे नव्वद वर्षांनी, १९३७ मध्ये, शरीअत अॅक्ट आला. वारसाहक्काच्या बाबतीत रूढी नव्हे तर शरीअत लागू होईल, असे त्याने ठरवले. शेतजमीन तेवढी बाहेर ठेवली. पण मुंबईच्या माणसाकडे शेतजमीन नव्हतीच. होती ती खोली. तेव्हा शहरातल्या मुलीला तरी आता हिस्सा मिळायला हवा होता.

पण मध्ये खोलीचाच कायदा आला.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते रुंद केले. त्याची पहिली योजना नागपाड्याचीच होती. मोहम्मद अली रोडही याच ट्रस्टच्या काळातला. जुनी घरे गेली, तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत खोल्या भाड्याने मिळू लागल्या. रत्नागिरी, कुलाबा जिल्ह्यांतून बोटीवर, गोदीत कामाला येणारा कोकणी मुसलमान आधी गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकी आणि बिऱ्हाड आणायची वेळ आली की स्वतंत्र खोली शोधी. दुसऱ्या महायुद्धात शहरात माणूस मावेना, भाडी चढू लागली. तेव्हा सरकारने भाडी गोठवली. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरले. भाडेकरूला सहजी काढता येईना.

गरिबाला या कायद्याने आसरा दिला, हे मान्यच करावे लागेल. तो नसता तर आमच्या दादांसारख्या खलाशाच्या पोराबाळांना मुंबईत राहायला मिळाले नसते. पण भाडे गोठले म्हणून खोलीची किंमत गोठत नाही. ती दुसऱ्या दाराने आत आली. त्या दाराचे नाव पागडी.

पागडीचा व्यवहार आमच्या वाचकांना नवा नाही, पण तरुण मंडळींना तो आता नीट ठाऊक नसतो. खोली सोडणारा भाडेकरू नव्या माणसाकडून रोख रक्कम घेई. त्यातला वाटा, साधारण तिसरा हिस्सा, कुठे निम्माही, घरमालकाकडे जाई आणि मालक नव्या नावाने रसीद फाडून देई. दलालाची दलाली वेगळी. खरेदीखत नाही, नोंदणी नाही. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या. विकत घेतला तो फक्त राहण्याचा हक्क. आणि गंमत अशी की १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे हा गुन्हा होता! पन्नास वर्षे सारे शहर हा गुन्हा करीत होते. पागडीचे पैसे चेकने कोणी दिले नाहीत. रुमालात बांधून दिले, दोन माणसांच्या साक्षीने दिले. साक्षीदार बहुधा गाववाले किंवा मशिदीतले ओळखीचे असत. धर्म, जात, आडनाव यांची चौकशी कोणी करीत नसे, कारण मालकही बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला असे. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा त्याच्या कलम ५६ ने पागडीची रक्कम कायदेशीर ठरवली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भाडेकरू मेला तर खोली कोणाची? १९४७ च्या कायद्यात उत्तर होते: मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाची. १९९९ च्या कायद्यातही कलम ७ मध्ये तेच आले; असा कुटुंबीय नसेल तरच इतर वारसांचा विचार. सोबत राहतो कोण? मुलगा, सून, नातवंडे. मुलगी लग्न होऊन कुर्ल्याला गेली, महाडला गेली, ती सोबत राहत नाही. म्हणून ती वगळली गेली. बापाच्या मनात आले तरी त्याला मृत्युपत्राने भाडेहक्क देता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत प्रताप पंडित यांच्या खटल्यात स्पष्ट केले. १९३७ च्या कायद्याने मुलीच्या हातात दिलेला हिस्सा दहा वर्षांनी आलेल्या कायद्याने खोलीपुरता काढून घेतला. तसा कोणाचा हेतू नव्हता. कायदा करणाऱ्यांना डोक्यावरचे छप्पर वाचवायचे होते, आणि त्यांच्या हिशेबी खोली ही मिळकत नव्हतीच. गिरगावच्या चाळीतल्या हिंदू बहिणींचेही असेच झाले. पण आपल्याकडे तर हिस्सा सूरह निसामध्ये आकड्यांनिशी दिलेला आहे. आपण त्याची तिलावत करतो आणि रसीदेच्या वेळी गप्प बसतो.

आमच्याच घरचे सांगतो. दादांनी १९५८ मध्ये डोंगरीत दहा बाय पंधराची खोली पागडीने घेतली. १९७४ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. मागे दादी, अब्बा, चाचा आणि फुफी. फुफीचे लग्न आधीच कुर्ल्याला झाले होते. रसीद अब्बांच्या नावावर झाली. हिशेब केला तर दादीचा आठवा हिस्सा आणि उरलेल्याचे पाच भाग: दोन अब्बांचे, दोन चाचांचे, एक फुफीचा. म्हणजे चाळीसात सात. दीडशे चौरस फुटांत सव्वासव्वीस फूट. एक खाट पडेल आणि उशाशी मटका ठेवता येईल, एवढी जागा.

पागडीचा हक्क ही मिल्कत मानावी की नाही यावर आलिमांत मतभेद आहेत, ते आम्हाला माहीत आहे. पण दादांनी मोजलेली रक्कम तर त्यांच्या कमाईची होती.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत फुफीचे कुर्ल्यातले बिऱ्हाड उठले. ती तीन मुलांसह डोंगरीच्या त्याच खोलीत येऊन राहिली. तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. पुढचे सारे ऐकीव. काही महिन्यांनी जागा पुरेना, बोलाचाली होऊ लागल्या, आणि फुफी मुंब्र्याला गेली. त्या वर्षांत हजारो कुटुंबे गेली तशीच. सोसायट्यांची दारे आमच्या नावाला बंद होत होती. सहकार कायद्याचे कलम २३ खुल्या सभासदत्वाचे आहे, पण फ्लॅट पसंत पडून बयाण्याची रक्कम काढेपर्यंत कोणी नाव विचारीत नाही आणि नाव सांगितले की फ्लॅट आदल्या दिवशीच विकलेला असतो. एका जमातीपुरती सोसायटी ही चालही मुंबईला नवी नाही. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची आहे, वांद्र्याची साष्टी कॅथलिक सोसायटी १९१८ ची. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशांना देणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. त्या जमातींनी वेळीच जमीन घेऊन, सोसायटी नोंदवून घरे बांधली. आपण मोहल्ल्यात रसीदेवर निर्धास्त राहिलो. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.

फुफीने दागिने मोडून मुंब्र्यात खोली घेतली. बँकेचे कर्ज काढायचे नाही, सूद नको, म्हणून सारी रक्कम रोख. हातात आला तो मुद्रांक कागदावरचा नोटरीसमोरचा करार. नोंदणी नाही, बांधकामाची परवानगी कोणी पाहिली नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याच्या शीळ भागात बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे मेली, त्या संध्याकाळी अब्बांनी तासभर फुफीचा नंबर फिरवला. तिची इमारत सलामत होती. पण त्या दिवसापासून ती रात्री दार आतून कडी न लावता झोपे, पळता यावे म्हणून.

इकडे डोंगरीतली रसीद बसल्या जागी बदलत होती. जुन्या मुंबईत १९६९ च्या कायद्याने उपकर लावलेल्या इमारती १९ हजारांहून अधिक होत्या, आणि त्या एकेक करून जीर्ण झाल्या. ३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडून ३३ जण गेले. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली अशी इमारत पाडून नवी बांधली की पात्र भाडेकरूला नव्या इमारतीत फ्लॅट मिळतो, विनामूल्य आणि मालकी हक्काने. २००९ पासून भेंडीबाजारात सैफी बुऱ्हानी ट्रस्टने साडेसोळा एकरांवर मोहल्लाच्या मोहल्ला उठवून नवा बांधायला घेतला. ज्या रसीदेला मिळकत नाही म्हणून बहिणीला हिस्सा नव्हता, तीच रसीद आता दक्षिण मुंबईतल्या मालकीच्या फ्लॅटची चावी झाली. आणि करारनामा होतो तो रसीदेवर ज्याचे नाव आहे त्याच्याशी.

आमच्या इमारतीचा करारनामा २०१८ मध्ये आला. इंग्रजीत, चाळीस-पन्नास पाने. घरात शिकलेले आम्ही, म्हणून वाचून समजावण्याचे काम आमच्याकडे. आम्ही उर्दू माध्यमाचे. आमच्या सगळ्या वर्गाची इंग्रजी कायद्याच्या कागदापुढे लटपटते, तशी आमचीही लटपटली. दोन रात्री डिक्शनरी घेऊन बसलो. जुमेच्या दिवशी सगळे जमले. फुफीही आली होती. आम्ही वाचत गेलो: क्षेत्रफळ, मजला, तात्पुरत्या जागेचे भाडे. चहा झाल्यावर फुफी म्हणाली, "बेटा, यात माझं नाव कुठं येतं का?"

खोलीत कोणी बोलले नाही. चाचा उठून गॅलरीत गेले.

फाईल चाळताना आम्हाला त्यात १९७४ चा एक टाईप केलेला इंग्रजी कागद सापडला होता. रसीद अब्बांच्या नावे करण्यास इतर वारसांची हरकत नाही, असा मजकूर. खाली दादीचा अंगठा, चाचांची सही, आणि उर्दूत, शाळकरी वळणदार नस्तालीकमध्ये, फुफीचे नाव. आम्ही तो तिला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला आणि अक्षर ओळखले. म्हणाली, "हा तर मी राशनकार्डाचा समजून सही केली होती. भाईजानने सांगितलं, इथं कर."

अब्बा म्हणाले, आम्हालाही वाचता येत नव्हते. मालकाच्या मुनीमाने आणला, सह्या घेतल्या. ते खरेच असावे.

त्यानंतर अब्बांनी आमच्याकडून चाळीसात सातचा हिशेब कागदावर मांडून घेतला. चाचांचे म्हणणे वेगळे आहे. कायद्याने खोली भाईजानची, आम्हीही मागत नाही, तर तिने का मागावे, असे ते म्हणतात, आणि कायद्यापुरते ते बरोबर आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीत फुफीचा इंतकाल झाला. तिचा हिस्सा आता तिच्या दोन मुलांचा आणि एका मुलीचा. दादीचा आठवा हिस्सा अजून कोणी मोजलेला नाही. नव्या फ्लॅटची चावी गेल्या वर्षी मिळाली. अब्बा दर महिन्याला पेन्शनमधून काही रक्कम मुंब्र्याला पोचवतात आणि एका वहीत उर्दूत लिहून ठेवतात. त्या वहीत तिच्या मुलीचे नाव पहिले आहे.