न विकलेल्या गाडीची गोष्ट

गाजलेल्या, खपलेल्या मोटारींची नावं आपल्याला पाठ असतात. आज मात्र मी तुम्हाला कधीच न विकल्या गेलेल्या एका गाडीची गोष्ट सांगणार आहे.

सप्टेंबर १९६९. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने एक बुटकी, पाचरीच्या आकाराची नारिंगी गाडी मांडली. तिचं नाव सी-१११. दारं पंखांसारखी वर उघडणारी, सांगाड्यावरचं आवरण फायबरग्लासचं. चालकाच्या पाठीमागे होतं व्हांकेल इंजिन. नेहमीच्या इंजिनात पिस्टन मागेपुढे होतो. यात तिकोनी रोटर गरगर फिरतो. इंजिन लहान, पण ताकद मोठी. पुढच्याच वर्षी, १९७०मध्ये, जिनिव्हाला सुधारित गाडी आली. चार रोटर, ३५० अश्वशक्ती, ताशी ३०० किलोमीटर वेग! हौशी श्रीमंतांनी कोरे धनादेश पाठवले, असं सांगतात.

पण कंपनीने गाडी विकली नाही. का? व्हांकेल इंजिनात इंधन नीट जळत नव्हतं. पेट्रोल फार लागायचं, धूरही घातक. अमेरिकेत प्रदूषणाचे नियम कडक होत होते आणि १९७३मध्ये तेलाचं संकट आलं. देखण्या गाडीचं इंजिनच काळाला नकोसं झालं.

इथे गोष्ट संपली असती. पण अभियंत्यांनी त्याच गाडीत चक्क डिझेल इंजिन बसवलं! डिझेल म्हणजे तेव्हा टॅक्सीचं, ट्रकचं, संथ इंजिन. त्याला त्यांनी टर्बो जोडला. बाहेर पडणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. जून १९७६मध्ये इटलीतल्या नार्दोच्या वर्तुळाकार चाचणीमार्गावर ही गाडी ६० तास धावली. सरासरी वेग ताशी सुमारे २५२ किलोमीटर! १९७८मध्ये नव्या, अधिक निमुळत्या सी-१११ने डिझेलवरच ताशी ३०० किलोमीटरची मर्यादाही ओलांडली. त्याच वर्षी टर्बो डिझेल बसवलेली मर्सिडीज ३०० एसडी अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकासाठी विक्रीला आली.

२०२३मध्ये कंपनीने सी-१११ची आठवण म्हणून एक नवी संकल्पना-गाडी दाखवली. रंग तोच, दारंही तशीच. इंजिनाच्या जागी मात्र विजेची मोटर.

मंडळी, सी-१११ ही खरं तर चार चाकांवरची प्रयोगशाळा होती. फसलेलं इंजिन गिऱ्हाइकाच्या गळ्यात न मारता कंपनीने ते आपल्याच पदरात ठेवलं. कोरा धनादेश परत करायलाही हिंमत लागते!