भाकर मोडताना

नवी मुंबईत आज उपाहारगृहांची वाण नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील रस्त्यांवर पंजाबी, उडुपी, चिनी अशा पाट्यांच्या गर्दीत 'आगरी-कोळी जेवण' ही पाटीही आढळते. सुटीच्या दिवशी सहकुटुंब तेथे जाऊन तांदळाची भाकर, चिंबोरीचे कालवण व सुकटीची चटणी यांचा आस्वाद घेणारा शहरवासी 'इथले जेवण' म्हणून त्याचे कौतुक करतो. परंतु या 'इथले' शब्दामागे एका भूमीचा इतिहास आहे, आणि तो जाणून घेणे हे जेवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

आगर म्हणजे मिठागर. त्यावरूनच आगरी हे नाव आले असे मानले जाते. ठाणे व पनवेलच्या खाड्यांकाठी बांध घालून समुद्राला थोपवायचे, खाजणात भात पिकवायचा, आगरात मीठ पिकवायचे आणि खाडीत मासळी धरायची, असे हे जीवन होते. त्यांचे ताट त्यातूनच सिद्ध झाले. भाताची भाकर झाली; मीठ व ऊन यांनी मासळी टिकवली आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्यावर सुकट-बोंबलांनी घर जगवले. भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल येई. त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे घालून भोवती जाळ केला की हिवाळ्यातील 'पोपटी' तयार होई.

या पाककलेत परदेशाचाही वाटा आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. अमेरिका खंडातील मिरची पोर्तुगीजांबरोबरच हिंदुस्थानात आली. आगऱ्याचा लाल मसाला आणि आपल्या ईस्ट इंडियन घरांतील बाटलीमसाला या दोहोंचा तिखटपणा त्याच मिरचीचा. धर्म भिन्न असले तरी उन्हाळ्यात अंगणात वाळणारी मिरची एकच होती.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड (तेव्हाचा कुलाबा) या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. भूखंड मिळाले, पण खाजण परत आले नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याने आणि भरावाने खाडीही क्षीण होत गेली.

याच काळात मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशी परिसरात आले. त्यांच्याबरोबर सातारा-सांगलीकडील माथाडी कामगार आले, आणि कोपरखैरणे-घणसोली भागात ज्वारी-बाजरीच्या भाकरीचा व तांबड्या रश्श्याचा घाटी स्वाद स्थिरावला. म्हणजे या शहरात आलेला प्रत्येक जण आपली चूल घेऊन आला. मूळ रहिवाशांची चूल मात्र घरातच असून तिला पुरवठा करणारे शेत व खाडी दूर गेली.

ज्या गावांत पाहुण्याला जेवू घालणे हा धर्म होता, तेथे आज तेच जेवण दर लावून विकावे लागते. यात कमीपणा नाही. त्या व्यवसायावर अनेक कुटुंबे आज स्वाभिमानाने उभी आहेत. प्रश्न आपला, जेवणाऱ्यांचा आहे. अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांनी अनोळखी वाटसरूला घरी बोलावले, आणि भाकर मोडताना त्यांना प्रभूची ओळख पटली. आपण तर येथे वाटसरू म्हणून आलो आणि दुसऱ्याच्या भूमीवर घर बांधले. निदान भाकर मोडताना तरी आपल्याला यजमानाची ओळख पटावी. तो पाटीवरचा पदार्थ नव्हे. ज्याच्या शेतावर आपले शहर उभे आहे, तो आपला शेजारी आहे.