देवाच्या पुढे तमिळ

चेन्नईच्या ट्रिप्लिकेन भागात पार्थसारथी कृष्णाची स्वारी निघते तेव्हा उत्सवमूर्तीच्या पुढे चालणाऱ्यांच्या तोंडी आळवार संतांची तमिळ पदं असतात. वेदपाठी असतात ते मूर्तीच्या मागे. श्रीवैष्णव संप्रदायाचे लोक याचा अर्थ असा सांगतात, की आळवारांच्या तमिळमागे देव ओढला जातो आणि वेद देवाला शोधत मागून येतात. इतकं धीट विधान भर रस्त्यात, उत्सवाचा नेहमीचा भाग म्हणून व्हावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या शिस्तीचं श्रेय परंपरा रामानुजाचार्यांना देते. त्यांचा जन्म चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा, पारंपरिक साल 1017. त्यांच्या आईवडिलांनी मुलासाठी याच पार्थसारथीला साकडं घातलं होतं, असं सांगतात. कांचीत शिक्षण, मग संन्यास, आणि पुढे श्रीरंगमच्या मंदिराचा कारभार.

पदं म्हणण्याची रीत मात्र त्यांच्याही आधीची. विखुरलेली ही चार हजार पदं नाथमुनींनी दहाव्या शतकाच्या सुमारास गोळा केली आणि चालींवर बसवली. एण्णायिरम् इथल्या राजेंद्र चोळाच्या काळातल्या शिलालेखात यांतलीच ‘तिरुवायमोळी’ म्हणणाऱ्यांच्या निर्वाहाची तरतूद आहे. रामानुज तेव्हा लहान असतील. देवळात तमिळ होतीच. तिला वेदाचा मान मिळणं अवघड होतं. कारण ‘तिरुवायमोळी’चे कर्ते, आळवार संत नम्माळवार, शेती करणाऱ्या वेळ्ळाळ समाजातले मानले जातात.

रामानुजांच्या नावावरचे नऊही ग्रंथ संस्कृतातले आहेत, ‘श्रीभाष्य’ त्यांतलं मुख्य. तमिळमध्ये त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. पण पिळ्ळान या शिष्याकडून त्यांनी ‘तिरुवायमोळी’वर पहिलं भाष्य लिहवून घेतलं. भाष्य लिहायचं ते उपनिषदांवर, ब्रह्मसूत्रांवर. तोच मान एका शेतकरी घरातल्या संताच्या पदांना मिळाला, आणि पुढे संस्कृत व तमिळ दोन्ही मिळून ‘उभय वेदान्त’ झाला. मिरवणुकीतली पुढची जागा मला या भाष्याइतकीच मोलाची वाटते, कारण ती न वाचणाऱ्यालाही दिसते. रामानुजांनंतर दीडेकशे वर्षांनी, 1290 साली, आपल्याकडे ज्ञानदेवांनी गीता मराठीत आणली. आळंदीहून निघणाऱ्या त्यांच्या पालखीच्या पुढे आणि मागेही अभंगच असतात.

तमिळ देवळांत मात्र पुढे असण्याचा हा मान भांडणाचं कारणही झाला. म्हणणाऱ्यांच्या मेळ्याला तिथे ‘गोष्टी’ म्हणतात. गोष्टीत कोणी बसायचं, आरंभी कोणता श्लोक म्हणायचा, यावरून वडकलै आणि तेन्कलै हे श्रीवैष्णवांचे दोन पंथ कांचीच्या वरदराज मंदिराच्या बाबतीत इंग्रजी अमदानीपासून कोर्टात आहेत. आणि नम्माळवारांची पदं म्हणणारी गोष्टी बहुतेक ठिकाणी ब्राह्मणांचीच असते. हे मला सलतं. चेन्नईलगतच्या पूनमल्लीचे तिरुक्कच्ची नंबी ब्राह्मण नव्हते, तरी रामानुजांनी त्यांना गुरुस्थानी मानलं होतं.

आळवार संत आंडाळची ‘तिरुप्पावै’ तेवढी या चौकटीबाहेर राहिली. तिची तीस पदं रामानुजांना इतकी प्रिय होती की त्यांना ‘तिरुप्पावै जीयर’ म्हणत, जीयर म्हणजे संन्यासी. मार्गळी या तमिळ महिन्यात चेन्नईतल्या घराघरांत बायका आणि मुलं ती पहाटे म्हणतात, रोज एक पद. त्यासाठी गोष्टीत जागा मिळावी लागत नाही.